सैतान हात धरत नाही

'तोंडावर हात ठेव गं, सैतान हसतो!'

लहानपणी मोठ्याने जांभई दिली की दादीचं हे वाक्य ठरलेलं. जेवायला बसताना बिस्मिल्ला म्हणायचं राहिलं, तर 'आज ताटात सैतान वाटेकरी झाला बरं'. रात्री वाईट स्वप्न पडून रडत उठलो, तर 'डावीकडे तीनदा थू थू कर, कूस बदल आणि कुणाला सांगत बसू नको'. आणि भावंडांत भांडण जुंपलं, की 'उभी आहेस ना? आधी खाली बस. राग नाही उतरला तर वजू करून ये. आग पाण्यानेच विझते.' आम्हाला वाटायचं, दादीने आम्हाला वळण लावण्यासाठीच हा सैतान पाळून ठेवलाय! पुढे वाचायला लागल्यावर कळलं, की यातलं काहीच दादीच्या पदरचं नव्हतं. पैगंबरांच्या म्हणून ज्या हदीस सांगितल्या जातात, त्यांत या सगळ्या गोष्टी आहेत. शाळेची पायरी न चढलेल्या दादीपर्यंत त्या तोंडातोंडी पोहोचल्या होत्या.

मैत्रिणींनो, सैतान काही तुम्हालाही परका नाही. 'रिकामं मन सैतानाचं घर' ही म्हण आपण सगळ्याच वापरतो. घरातलं खोडकर पोर तर रोज चार वेळा 'सैतान आहे नुसता!' हे ऐकत असतं. पण मुसलमान घरांत या शब्दामागे नेमकं काय आहे, हे शेजारणीला सहसा माहीत नसतं. आणि खरं सांगू का, आमच्यातल्या पुष्कळ बायकांनाही ते अर्धवटच माहीत असतं. या अर्धवट माहितीपायी माझ्या मावसबहिणीच्या आयुष्याची दोन वर्षं मातीत गेली. म्हणून आज हा विषय.

करोनाच्या आधीची गोष्ट. बहीण लग्न होऊन सासरी गेली, पहिलं बाळ झालं आणि त्यानंतर काही महिन्यांनी तिचं वागणं बदललं. नमाजाआधी हात, तोंड, पाय धुतात, त्याला वजू म्हणतात. दोन-तीन मिनिटांचं काम. हिला पाऊण तास लागायला लागला. कोपर कोरडं राहिलं असेल, पुन्हा पहिल्यापासून. नमाजाला उभी राहिली की वाटायचं, वजू तुटली. पुन्हा नळ. बाळाचे लंगोट सात-सात वेळा धुवायची. हाताची सालं निघाली, भेगांतून रक्त यायला लागलं. त्यात मनात भलते विचार यायचे, तेही नमाज पढताना. 'आपा, असले विचार माझ्याच मनात येतात म्हणजे मी किती पापी असेन!' असं म्हणून ढसाढसा रडायची.

सासरच्यांनी निदान केलं, हिला सैतान लागलाय. मग काय, झाडफूंक करणारा एक बाबा झाला, दुसरा झाला. ताईत झाले, मंतरलेलं पाणी झालं. तिच्या दोन बांगड्या मोडल्या. शेवटी एकाने तिला कोंडून मिरचीची धुरी दिली, तेव्हा माझी खाला जाऊन लेकीला माहेरी घेऊन आली.

आता मुळात सैतान म्हणजे कोण, ते बघू. कुराणात सांगितलंय, की अल्लाने मातीपासून आदमला घडवलं आणि फरिश्त्यांना त्याच्यापुढे झुकायला सांगितलं. सगळे झुकले, एक इब्लीस सोडून. इब्लीस जिन्न होता, आगीपासून झालेला. 'मी आगीचा, हा मातीचा. मी याच्याहून श्रेष्ठ, मी कशाला झुकू?' असा त्याचा हेका. म्हणजे बघा, या कथेतलं हे पहिलं पाप चोरी नाही की खून नाही. 'मी मोठा' हा अहंकार आहे. जात, घराणं, रंग, पैसा यावरून दुसऱ्याला हलकं लेखणाऱ्याने ही गोष्ट जरूर आठवावी. इब्लीसला हाकललं गेलं, पण त्याने कयामतपर्यंतची मुदत मागून घेतली. या माणसांना मी समोरून, मागून, उजवीकडून, डावीकडून येऊन वाट चुकवीन, अशी त्याने प्रतिज्ञा केली.

इथे आपल्यातल्या बऱ्याच जणी थांबतात आणि घाबरून जातात. चारही बाजूंनी येणार म्हणजे सुटका कुठली? पण खरी गोष्ट पुढेच आहे. सैतानाला अधिकार किती? तर फक्त कुजबुजण्याचा. या कुजबुजीला शब्द आहे 'वसवसा'. कुराणातली शेवटची सूरह, सूरह नास, आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असते. मनात कुजबुजून मागे सरकणाऱ्या त्या शत्रूपासून आसरा मागणारी ती प्रार्थना आहे. सूरह इब्राहिममध्ये तर निवाड्याच्या दिवसाचं चित्र आहे. त्या दिवशी सगळे सैतानाकडे बोट दाखवतात, तेव्हा तो हात झटकून मोकळा होतो. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की माझी तुमच्यावर काही जबरदस्ती नव्हती, मी नुसतं बोलावलं आणि तुम्ही आलात, आता दोष मला कशाला देता?

मला हे वाचून पहिल्यांदा दचकायलाच झालं होतं. कारण 'माझ्याकडून सैतानाने करवलं' ही पळवाट धर्मानेच बंद केली आहे! दारू पिऊन बायकोला मारणारा नवरा सकाळी म्हणतो, 'रात्री सैतान स्वार झाला होता.' अरे बाबा, तो कानात बोलला असेल, पण हात तुझाच उठला ना? बायकांनो, हे लक्षात ठेवा. असल्या सबबीवर कुणी माफी मागितली, तर त्याला हा हिशेब जरूर ऐकवा.

दुसरी गोष्ट आपल्या बाजूची. आदम आणि हव्वा जन्नतमधून बाहेर पडले ते हव्वामुळे, तिनेच नवऱ्याला फळ खायला लावलं, असं आपण कायम ऐकत आलो. काही जण तर भर मजलिसमध्ये हे सांगतात आणि बायकांकडे बघून हसतात. कुराणात मात्र तसं नाही. सैतानाने दोघांनाही भुलवलं, दोघांनीही ते फळ खाल्लं आणि दोघांनीही मिळून क्षमा मागितली, असं तिथे आहे. सूरह ताहामध्ये तर कुजबुज आदमच्याच कानात झाली असं सांगितलंय. बाईला मोहाची खाण ठरवणाऱ्यांनी मूळ ग्रंथ एकदा उघडून बघावा.

तिसरी गोष्ट प्रत्येक घरातली. 'सहीह मुस्लिम' या हदीसग्रंथात एक प्रसंग येतो. इब्लीस पाण्यावर आपलं सिंहासन मांडून बसतो आणि आपली फौज चोहीकडे पाठवतो. एकेक जण परत येऊन आपली कामगिरी सांगतो. 'तू काहीच केलं नाहीस,' असं म्हणून तो त्यांना उडवून लावतो. मग एक येतो आणि सांगतो, मी नवरा-बायकोत फूट पाडूनच आलो. त्याला मात्र इब्लीस जवळ ओढतो आणि शाबासकी देतो! म्हणजे सैतानाच्या दरबारात सगळ्यात मोठं बक्षीस घर मोडण्याला. 'तुझी बायको फोनवर कुणाशी बोलत असते बघ जरा' असं सहज म्हणून निघून जाणारी माणसं आपल्या ओळखीची असतात. त्यांना शिंगं नसतात की शेपूट नसतं. सूरह नासमध्येही कुजबुजणारे जिन्नांत असतात तसे माणसांतही असतात, असंच म्हटलंय.

इमाम गझाली हे इस्लामी जगातले फार मोठे विद्वान, ११११ साली वारले. त्यांनी मनाला किल्ल्याची उपमा दिली आहे. सैतान बाहेर टपलेला आहे आणि किल्ल्याला दारं आहेत. दारं कोणती? राग, मत्सर, लोभ, पोटाला तडस लागेपर्यंत खाणं, कपडालत्ता आणि घराच्या सजावटीचा सोस, उतावीळपणा, कंजूषपणा, दुसऱ्याविषयी वाईट शंका. यादी वाचताना मला आमच्या गल्लीतलं प्रत्येक लग्न आठवलं! दार आतूनच उघडतं, म्हणून राखणही आपणच करायची.

आता बहिणीकडे वळते. ती माहेरी आल्यावर खाला तिला मोहल्ल्यातल्या मशिदीच्या जुन्या इमामसाहेबांकडे घेऊन गेली. मीही सोबत होते. वाटलं, आता हेही ताईत देणार. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, तिचे फाटलेले हात बघितले आणि म्हणाले, 'बेटी, शंकेने वजू तुटत नाही. खात्री झाली तरच तुटते. पैगंबरांनी हे स्वतः सांगितलंय. एकदा वजू केली की झाली. आणि मनात नको ते विचार आले, त्यांनी तू हैराण झालीस, हीच तुझ्या इमानची खूण. पापी माणूस हैराण होत नाही.' मग खालाकडे वळून म्हणाले, 'अल्लाने आजार दिला तसा इलाजही दिला, हीसुद्धा हदीसच आहे. दुआ मी करतो, दवा डॉक्टर देतील. उद्याच जा.'

जिल्ह्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांनी सांगितलं, हा ओसीडी नावाचा आजार आहे. बाळंतपणानंतर तो काही जणींना सुरू होतो किंवा बळावतो. आपल्या मराठीत याला जुना शब्द आहे, मंत्रचळ. सोवळ्याओवळ्यापायी दिवसभर हात धुणारी एखादी आजी तुम्हीही पाहिली असेल. रोग तोच, फक्त ज्याच्या-त्याच्या घरचे कपडे घालून येतो. गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा गुण यायला दोन-अडीच महिने लागले. जोडीला एक सराव होता. हात एकदाच धुवायचे आणि कितीही शंका आली तरी पुन्हा नळाकडे जायचं नाही. जीव कासावीस होतो, पण थोड्या वेळाने ती कासाविशी आपोआप उतरते. हे ऐकून मी थक्क झाले. इमामसाहेबांचं 'एकदा केली की झाली' आणि डॉक्टरांचा सराव, दोन्ही एकाच जागी येऊन मिळाले होते.

यात नवलही नाही म्हणा. अबू झैद अल बल्खी नावाचे एक विद्वान होऊन गेले, बल्ख गावचे, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातले. ९३४ साली ते वारले. शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. त्यात राग, भीती आणि दुःख यांच्यासोबत वसवसा हा मनाचा विकार म्हणून मांडला आणि त्यावरचे उपायही सांगितले. हजार वर्षांपूर्वी जे उमगलं होतं, त्यासाठी आज आपण पोरीला मिरचीची धुरी देतो!

जिन्न आहेत हे कुराणात आहे, मुसलमान ते मानतात. ते माणसाला बाधतात का, ताईत बांधावा की नाही, यावर आमच्या उलेमांत मतभेद आहेत. त्या वादात मी शिरत नाही. पण आजारी माणसाला कोंडा, मारा, साखळीने बांधा, याला श्रद्धा म्हणता येत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली. तिथले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. आपल्या महाराष्ट्रात तर २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं हा त्यात गुन्हा आहे, मग तो करणारा कुठल्याही धर्माचा असो. प्रार्थनेला आणि पूजेला हा कायदा हात लावत नाही. घरात कुणी असं त्रासात असेल आणि कुठे जावं कळत नसेल, तर १४४१६ हा 'टेली मानस'चा सरकारी नंबर फिरवा. पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

बहीण आता बरी आहे. कधी परीक्षा-बिरीक्षा, आजारपण असं काही घरात आलं, की शंका पुन्हा डोकावते. मग ती हसून म्हणते, 'बोल बाबा, तुला काय बोलायचं ते बोल. मी नळाकडे येत नाही.'

माझी नानी १९९६ साली हजला गेली होती. मीना इथे सैतानाला खडे मारण्याचा विधी असतो. हजरत इब्राहिमना सैतानाने तिथे अडवलं आणि त्यांनी त्याला खडे मारले, अशी श्रद्धा आहे. मुझदलिफाच्या मैदानात हे खडे वेचून घेतात, हरभऱ्यापेक्षा किंचित मोठे. पहिल्या दिवशी सात, मग पुढचे दिवस तीन जागी सात-सात. तेव्हा तिथे खांब होते, २००४ साली त्या जागी रुंद भिंती बांधल्या. नानी सांगायची, की काही जण रागारागाने चपला फेकत होते. मी विचारलं, 'नानी, तू पण जोरात मारलेस का गं?'

नानी म्हणाली, 'खांबाला काय लागतंय? मी एकेक खडा मारताना एकेकीचं नाव घेतलं, जिच्याशी मी बोलत नव्हते तिचं. घरी आल्यावर सगळ्यांकडे खजूर घेऊन गेले.'