कुस्ती सोडवताना

बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात मोठी कुस्ती लागली, की हलगी कडाडते आणि सगळ्या नजरा दोन पैलवानांवर खिळतात. जाणते वस्ताद मात्र पंचाकडेही बघत असतात.

निपाणी-चिकोडीपासून कोल्हापूरपर्यंत जत्रा-उरुसांतल्या या कुस्त्या तांबड्या मातीत, पाठ टेकेपर्यंत चालतात. मध्येच थांबतात त्या बहुधा जोड हौद्याच्या कडेला गेल्यावर. पंच खांद्यावर थाप मारून म्हणतो, ‘सोडा, मध्ये या.’ धोका नेमका इथेच असतो. खालचा पैलवान ते ऐकून अंग सैल सोडतो. वरच्याला हलगीच्या गजरात काहीच ऐकू येत नाही आणि त्याची पकड आवळलेलीच राहते. म्हणून मुरलेला पंच नुसत्या शिट्टीवर भागवत नाही. तो दोघांच्या मध्ये हात घालतो आणि पकड सुटल्याचं हाताला कळल्यावरच बाजूला होतो.

मानेवरचा डाव असेल तर क्षणाचाही उशीर परवडत नाही. 2018 साली पन्हाळा तालुक्यात मैदानात मानेला मार लागलेला एक तरुण पैलवान काही दिवसांतच दगावला. मॅटवरच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मानेची पकड घेताना प्रतिस्पर्ध्याचा एक हातही पकडीत घ्यावा लागतो, आणि लढत केव्हाही थांबवण्याचा अधिकार डॉक्टरला असतो. गावच्या मैदानात हा सगळा भार एकट्या पंचावर पडतो, तोही ‘निकाल लावा’ असा गलका चालू असताना.

कुस्ती थांबली, पैलवान उठेना, की चार जण धावत येतात. एक पाणी पाजतो, दुसरा मान चोळतो, तिसरा काखेत हात घालून उभं करू बघतो. यातली माया खरी, पण मणका दुखावला असेल तर हीच माया जिवावर बेतते. डोकं दोन्ही बाजूंनी स्थिर धरायचं, मान वळवायची नाही, तोंडात काही घालायचं नाही, आणि फळीवर घेऊनच हलवायचं. तालमीत डावांबरोबर हेही घोटून घ्यायला हवं.

पुन्हा लढायचं की नाही, हे जखमी पोराला विचारूच नये. इनामासाठी आणि गावच्या नावासाठी तो ‘लढतो’ असंच म्हणणार. जत्रा कमिट्यांनी पंचाचा शब्द शेवटचा मानावा, हौद्याशेजारी डॉक्टर, फळी आणि मानेचा पट्टा ठेवावा, आणि दुखापतीने सोडवलेल्या कुस्तीतही दोघांना ठरलेलं मानधन द्यावं.