पिठातला कोंडा

सोलापूरचा उन्हाळा सुरू झाला की आमच्या घरी रोज रात्री आंबिलीची तयारी होते. सासूबाई वाटीभर ज्वारीचं पीठ ताकात कालवतात आणि झाकून ठेवतात. पहिल्या वर्षी मी पीठ चाळून कोंडा टाकायला निघाले, तर म्हणाल्या, "टाकू नकोस गं, त्यातच तर कस असतो."

सकाळी झाकण काढलं की पिठावर बारीक बुडबुडे दिसतात, आंबूस वास येतो. ताकातल्या जिवाणूंनी रात्रभरात लॅक्टिक आम्ल केलेलं असतं. आधणात ठेचलेला लसूण, जिरं, मीठ पडतं. मग त्या एका हाताने पीठ धार धरून सोडतात, दुसऱ्या हाताने ढवळत राहतात. हात थांबला की गुठळ्या झाल्याच. आंबील रटरटते, दाटते, तिला चकाकी येते. निवली की वरून ताजं ताक.

शिजवताना आंबवणारे बहुतेक जिवाणू मरतात. वरच्या ताकातले जिवंत असतात, पण तेही आतड्यात फारसा मुक्काम करत नाहीत. तिथली कायमची वस्ती वेगळीच. 2016 सालच्या अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. कोंड्यातला जो तंतू आपल्याला पचत नाही, त्यावर यांचं पोट भरतं.

तो खाताना ते ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना त्यातून ऊर्जा मिळते, अस्तर घट्ट राहतं आणि रोगजंतूंना आत शिरणं अवघड जातं. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी पेशी ब्युटिरेटमुळे वाढतात, हे 2013 साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. जन्मापासून जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यात तर संरक्षक पेशींचे पुंजके नीट वाढतच नाहीत. आपल्या पेशींना लढायचं कधी आणि थांबायचं कधी, याची तालीम या वस्तीच्या सोबतीनेच होते.

म्हणून ही वस्ती जपायला हवी. साध्या सर्दीसाठी मनाने प्रतिजैविकं घेऊ नका. त्यांनी सर्दीचा विषाणू मरत नाही, उपयोगी जिवाणू मात्र मरतात. ताटात भाकरी, उसळ, पालेभाजी रोज असू द्या. आणि पीठ चाळलंत, तर कोंडा परत त्यातच मिसळा.