दुकान नकाशावर आणताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोबाइलवर ‘पिठाची गिरणी’ किंवा ‘सायकल दुरुस्ती’ असा शोध घेतला की नकाशासोबत आसपासच्या दुकानांची यादी दिसते. ही यादी मुख्यतः ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ या विनामूल्य नोंदीवरून तयार होते. ही सेवा २०१४ मध्ये ‘गूगल माय बिझनेस’ या नावाने सुरू झाली आणि २०२१ मध्ये तिला आताचे नाव मिळाले. नोंदीसाठी स्वतःची वेबसाइट असावी लागत नाही. तरीही तिच्याभोवती काही समज घट्ट बसले आहेत आणि त्यांपायी छोट्या व्यावसायिकांचा पैसा व वेळ वाया जातो.

गैरसमज १ : पैसे भरले की नाव सर्वांत वर येते.

वस्तुस्थिती : स्थानिक शोधातला क्रम तीन गोष्टींवर ठरतो. ग्राहकाने जे शोधले त्याच्याशी व्यवसायाचा मेळ किती, दुकान त्याच्यापासून किती अंतरावर आहे आणि त्याची प्रसिद्धी किती, या त्या तीन गोष्टी. पैसे घेऊन हा क्रम बदलत नाही, असे गूगलने स्पष्ट केले आहे. जाहिरात विकत घेता येते, पण तिच्यावर ‘प्रायोजित’ असा उल्लेख असतो आणि पैसे थांबले की ती जागाही जाते. कोथरूडमधल्या दुकानाचे नाव हडपसरच्या ग्राहकाला खाली दिसते, याचे कारण बहुधा अंतर हेच असते. ‘गूगलकडून बोलतोय, शुल्क भरा नाहीतर नोंद बंद होईल’ असे फोन फसवे असतात, कारण मूळ नोंदीला शुल्कच नाही. पडताळणीचा सांकेतिक क्रमांक फोनवर सांगितला, तर नोंदीचा ताबा दुसऱ्याकडे जाऊ शकतो.

गैरसमज २ : नावात जितके जास्त शब्द, तितके दुकान जास्त सापडते.

वस्तुस्थिती : नोंदीतले नाव दुकानाच्या पाटीवर असते तेच असावे, असा नियम आहे. नावापुढे ‘सर्वोत्तम, स्वस्त, होलसेल, चोवीस तास’ अशी माळ लावली तर नोंद निलंबित होऊ शकते. व्यवसाय कशाचा आहे हे सांगण्याची जागा वेगळी आहे. एक मुख्य आणि नऊ अतिरिक्त असे एकूण दहा प्रवर्ग निवडता येतात, शिवाय ७५० अक्षरांपर्यंत वर्णन देता येते. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी पाटी बंधनकारक झाली. पाटीवरचे मराठी नाव नोंदीतही घालणे त्यामुळे नियमाला धरूनच आहे.

गैरसमज ३ : दुकानाचा गाळा नसेल तर नोंद होत नाही.

वस्तुस्थिती : प्लंबर, इलेक्ट्रिशियन, घरपोच डबे पोहोचवणारे अशांना ‘सेवाक्षेत्र’ देऊन नोंद करता येते. अशा वेळी घरचा पत्ता लपवता येतो आणि वीसपर्यंत भाग किंवा गावे नमूद करता येतात. मात्र ग्राहकाची प्रत्यक्ष भेटच होत नाही असा निव्वळ ऑनलाइन व्यवसाय यात बसत नाही. नुसत्या टपालपेटीचा पत्ताही चालत नाही. पडताळणीसाठी अनेकदा व्हिडिओ मागितला जातो. त्यात परिसर, पाटी किंवा अवजारे आणि व्यवसाय आपण चालवतो याचा पुरावा दाखवावा लागतो.

गैरसमज ४ : वाईट अभिप्राय काढून टाकता येतो आणि चांगला विकत घेता येतो.

वस्तुस्थिती : मालकाला कोणताही अभिप्राय स्वतः पुसता येत नाही. शिवीगाळ, खोटेपणा, असंबद्ध मजकूर अशा नियमभंगाची तक्रार करता येते. निर्णय गूगल घेते. केवळ कडू आहे म्हणून अभिप्राय हटत नाही. अशा अभिप्रायाखाली मालकाने दिलेले शांत, नेमके उत्तर पुढचा प्रत्येक ग्राहक वाचतो. सवलत किंवा भेटवस्तू देऊन अभिप्राय लिहून घेण्यास मनाई आहे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे मानकही प्रसिद्ध केले. समाधानी ग्राहकाला अभिप्रायाची विनंती करण्यास मात्र हरकत नाही.

गैरसमज ५ : एकदा नोंद केली की काम संपले.

वस्तुस्थिती : नकाशावरील माहितीत कोणीही बदल सुचवू शकतो. फोन क्रमांक चुकला किंवा दुकान ‘कायमचे बंद’ असे दिसू लागले, तर ग्राहक परस्पर दुसरीकडे वळतो आणि मालकाला ते कळतही नाही. गणेशोत्सव, दिवाळी, साप्ताहिक सुट्टी यांच्या वेळा आधी भरून ठेवल्या तर बंद दारावरून कोणी परत जात नाही. नोंदीचे मुख्य मालकीहक्क दुकानदाराच्या स्वतःच्या ईमेल खात्यावर असावेत. काम बाहेरच्या माणसाला द्यायचे असेल तर त्याला ‘व्यवस्थापक’ म्हणून जोडता येते.

गैरसमज ६ : इन्स्टाग्राम किंवा फुकटचे पान असले की वेबसाइटची गरज नाही.

वस्तुस्थिती : चार गल्ल्यांपुरत्या दुकानाला कदाचित नसेलही. पण दुसऱ्याच्या जागेवरील पान त्याच्या मर्जीवर चालते. बिझनेस प्रोफाइलमधून फुकट बनवलेल्या वेबसाइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. स्वतःच्या डोमेनची मालकी मुदतीत नूतनीकरण केले तर टिकते, देवनागरीतील ‘.भारत’ डोमेनही २०१४ पासून मिळते. डोमेन वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर असेल, तर वाद झाल्यावर पत्ताच हातचा जातो. वेबसाइटमध्ये दडवलेल्या ‘मेटा कीवर्ड’ शब्दांसाठी वेगळे पैसे मोजणे व्यर्थ आहे. क्रम ठरवताना ते विचारात घेत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

पाटीवरचे नाव, बरोबर पत्ता, चालू फोन, खऱ्या वेळा आणि दुकानाचे ताजे छायाचित्र एवढी माहिती भरायला पैसे लागत नाहीत. ती अचूक ठेवणे मात्र दुकानदाराच्याच हातात असते.