विकलें, परंतु दिलें नाहीं

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत ‘विक्रीयासंप्रदान’ या नांवाचें एक प्रकरण आहे. मूल्य घेऊनहि जो माल गिऱ्हाइकाच्या हवालीं करीत नाहीं, त्याजकडून तो वाढीसह देवविला जावा, असा दंडक तेथें सांगितला आहे. हा व्यवहारदोष आज अद्याप न बांधलेल्या घरांच्या विक्रींत ठळकपणें दिसतो. येथें विकणाराजवळ वस्तु नसतेच. असतो तो नकाशा, आणि फार तर पायाचा खड्डा. घेणाराचें मात्र सर्व कांहीं रोकडें असतें: सेवानिवृत्तीची शिल्लक, मोडलेले दागिने, बँकेच्या कर्जाचा हप्ता. शिवाय ताबा मिळेपर्यंत भाड्याच्या बिऱ्हाडाचा खर्च चालूच.

ह्या विषमतेवर करारनामा शिक्कामोर्तब कसें करतो, हें दिल्लीनजीक गुरुग्राम येथील एका खटल्यांत उघड झालें. करार २०१२ सालचा. खोदकाम सुरू झाल्यापासून ३९ महिन्यांत, व वर १८० दिवसांच्या सवलतींत, ताबा द्यावयाचा होता. इमारतीस वापराचा दाखला मिळाला तो ऑगस्ट २०१८ मध्यें. ग्राहकाचा हप्ता चुकल्यास त्यानें दरसाल शेंकडा १८ व्याज भरावें. परंतु ताबा लांबल्यास? सवलत संपल्यावरहि त्यानें आणखी १२ महिने थांबावें, मग ९० दिवसांची नोटीस द्यावी, त्यानंतर पैसे परत करण्यास कंपनीस पुन्हां १२ महिने, आणि तेंहि चुकलें तर व्याज शेंकडा ९! असलें कलम रचणाराच्या चातुर्याची तारीफच केली पाहिजे. २ एप्रिल २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, ज्यांवर सही करण्यावांचून ग्राहकास गत्यंतर नव्हतें, अशीं एकतर्फी कलमें त्यास बांधूं शकत नाहींत. असलीं कलमें करारांत घालणें हीच अनुचित व्यापारी प्रथा होय. शेंकडा १०.७ व्याजासह रक्कम परत करण्याचा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा हुकूम कायम झाला.

महाराष्ट्रांत याविषयीं १९६३ सालींच अधिनियम झाला. करार नोंदण्यापूर्वीं किंमतीच्या शेंकडा २० हून अधिक आगाऊ रक्कम घेऊं नये, असें त्यांत होतें. २०१६ च्या ‘रेरा’ कायद्यानें ही मर्यादा १० वर आणिली. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकीं शेंकडा ७० स्वतंत्र खात्यांत ठेवून तो त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्चावा, असेंहि बंधन घातलें. माझ्या मतें याहून महत्त्वाची गोष्ट ही, कीं उशीर कोणाचाहि असो, व्याजाचा दर दोघांस एकच. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणें तो स्टेट बँकेच्या निधिखर्चावर आधारलेल्या सर्वोच्च कर्जदराहून शेंकडा २ अधिक असतो.

बिल्डरांनीं एक पळवाट शोधून पाहिली: नोंदणी करितांना पूर्ततेची नवी तारीख द्यावयाची, आणि जुना उशीर पुसून टाकावयाचा. डिसेंबर २०१७ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें ती बंद केली; व्याज मोजावयाचें तें करारांतील मूळ तारखेपासूनच. म्हणून ज्या करारनाम्यांत ताब्याची तारीख कोरी आहे अथवा ‘शक्य तितक्या लवकर’ अशी मोघम भाषा आहे, त्यावर सही करूं नये.

उशीर झाल्यावर ग्राहकास दोन मार्ग मोकळे असतात. पैसे व्याजासह परत मागावे, किंवा घरावरचा हक्क राखून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घ्यावें. परतीचा हक्क बिनशर्त आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं सांगितलें. तरी तो निवडण्यापूर्वीं कागद-पेन्सिल घेऊन बसावें. कारण सात-आठ वर्षांपूर्वींची किंमत व्याजासह हातीं आली, तरी त्याच वस्तींत तेवढेंच घर तींत मिळेल असें नव्हे. आणि हुकूम झाला म्हणजे पैसा मिळाला असेंहि नाहीं. बिल्डरानें तो न पाळल्यास वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, व जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें जप्ती होते. त्या कचेरींत पुन्हां खेपा सुरू.