अनुदान आणि अर्धेली

अमेरिकेतील आर्कान्सॉ राज्याच्या ईशान्येस, मिसिसिपीच्या खोऱ्यातील गाळाच्या सपाट प्रदेशात, पॉइन्सेट नावाची एक काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या धर्तीचा एक महसुली विभाग, आहे. आज तेथे भाताची विस्तीर्ण खाचरे दिसत असली, तरी नव्वद वर्षांपूर्वी त्या भूमीवर कापसाचे साम्राज्य होते, आणि सरकार शेतकऱ्याला पैसा देते तेव्हा तो नेमका कोणाच्या हाती पडतो, हा प्रश्न याच मातीत अत्यंत वेदनेने विचारला गेला.

१९१९ साली पौंडाला सुमारे ३५ सेंट मिळवून देणाऱ्या कापसाला १९३१ च्या हंगामात सहा सेंटही मिळेनासे झाले. तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १२ मे १९३३ रोजी शेतीविषयक जो कायदा मंजूर केला, त्याचे तत्त्व असे की, शेतकऱ्याने काही जमीन पडीक ठेवावी, त्याचा मोबदला सरकारने द्यावा, आणि माल कमी झाला म्हणजे भाव आपोआप चढतील. त्या वर्षी पेरण्या आधीच उरकल्या असल्यामुळे सुमारे १ कोटी एकरांवरील उभा कापूस नांगराखाली गाडण्यात आला. लोकांच्या अंगावर धड वस्त्र नसताना वस्त्राचे मूळच मातीआड करावे, याने पुष्कळांचे मन विदीर्ण झाले, हे स्वाभाविकच होते.

परंतु खरा अन्याय करारनाम्याच्या कलमांत दडलेला होता. जमीन, खेचर आणि बी-बियाणे मालकाचे, कष्ट कुटुंबाचे, पीक अर्धे-अर्धे, आणि वर्षभराचा किराणा बहुधा मालकाच्याच दुकानातून उधारीवर, अशा अर्धेलीने तेथील असंख्य गोरी आणि काळी कुटुंबे राबत होती. १९३४-३५ च्या करारानुसार पौंडामागे मिळणाऱ्या साडेचार सेंटांपैकी साडेतीन सेंट भूमिस्वामीला मिळत, आणि उरलेल्या एका सेंटाचा निम्मा भाग अर्धेकऱ्याला. आणि तोच अर्धेकरी रोजंदारीचा मजूर झाला, तर तो अर्धा सेंटही मालकाकडेच राही. कुळांची नेहमीची संख्या शक्य तोवर कायम ठेवावी, असे सातवे कलम सांगत होते खरे; पण ‘शक्य तोवर’ या दोन शब्दांतून कितीतरी बिऱ्हाडे रस्त्यावर आली, आणि दाद मागावी तर काउंटीच्या समितीवर बहुधा मोठे जमीनदारच बसलेले.

जुलै १९३४ मध्ये टायरॉन्झा गावाजवळच्या एका शाळेत ११ गोरे आणि ७ काळे पुरुष एकत्र जमले आणि त्यांनी दक्षिणेतील कुळांचा संघ स्थापन केला. वर्णभेद ज्या काळी कायद्यानेच पोसला जात होता, त्या काळी या दोन्ही वर्णांच्या माणसांनी एका संघात बसणे हे धैर्य मला त्या साऱ्या कायद्यांपेक्षा मोठे वाटते. वॉशिंग्टनमध्ये शेतीखात्याच्या जेरोम फ्रँक प्रभृती वकिलांनी सातव्या कलमाचा अर्थ कुळांच्या बाजूने लावला, आणि फेब्रुवारी १९३५ मध्ये त्यांना पदच्युत व्हावे लागले.

जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९३३ चा तो कायदा रद्द ठरविला. १९३८ साली दुसरा आला, आणि आजवर त्या परंपरेत खंड पडलेला नाही. २०१४ च्या कायद्याने भाताला १०० पौंडांमागे १४ डॉलर हा संदर्भभाव ठरविला, आणि बाजार त्याखाली उतरला म्हणजे फरकाची रक्कम देण्याची व्यवस्था केली. पण ही रक्कम यंदाच्या पेऱ्यावर नव्हे, तर जमिनीला जोडलेल्या जुन्या दप्तरी एकरांच्या ८५ टक्क्यांवर मोजली जाते. ती कसणाऱ्याच्या नावे निघते हे खरे. पण खंडाचा आकडा ठरविताना मालक तिचा हिशेब मनात धरून असतो, आणि तिचा काही अंश वाढीव खंडाच्या वाटेने त्याच्याकडे जातो.

टायरॉन्झात संघाचे एक संस्थापक एच. एल. मिचेल यांचे कपडे धुण्याचे दुकान आणि शेजारी त्यांचे सहसंस्थापक क्ले ईस्ट यांचा पेट्रोलपंप होता. त्या जुन्या वास्तूत २००६ सालापासून कुळांचे संग्रहालय उभे आहे.