शरीर आजारी असता मनाचा आजार कसा ओळखावा

अंगुत्तर निकायाच्या छक्क निपातात नकुलपिता नावाच्या गृहस्थाची एक हकीकत आली आहे. भग्ग देशातील सुंसुमारगिरी येथे हा उपासक अत्यवस्थ होऊन पडला असता त्याची पत्नी नकुलमाता त्याच्याजवळ बसली. धीर धरा, असा कोरडा उपदेश तिने केला नाही. पतीच्या मनात काय सलत असेल हे तिने ओळखले आणि त्याची एकेक शंका घेऊन तिचे निरसन केले. त्यांतील पहिली शंका पोटापाण्याची होती. आपण गेल्यावर घर कसे चालेल, ही ती चिंता. आपल्याला सूत कातता येते, लोकर पिंजता येते, मुले सांभाळता येतील, असे तिने त्याला सांगितले. शीलाची, समाधीची आणि श्रद्धेची ग्वाही तिने त्यानंतर दिली. नकुलपिता त्या दुखण्यातून उठला आणि काठी टेकीत भगवंतांच्या दर्शनास गेला. कापूस पिकविणाऱ्या आपल्या खानदेशातील वाचकांना सूत कातण्याचा हा तपशील विशेष जवळचा वाटावा.

याच नकुलपित्याचे दुसरे सुत्त संयुत्त निकायात आहे आणि आपल्याकडे तेच अधिक सांगितले जाते. शरीर आजारी असले तरी चित्त आजारी होऊ देऊ नये, हा त्यातील उपदेश. तो योग्यच आहे. परंतु त्याचा वापर मात्र पुष्कळदा चुकीचा होतो, असे आम्हांस वाटते. रुग्ण खचला की हेच वचन त्याला ऐकविले जाते आणि खचणे हा जणू त्याचाच अपराध ठरतो. वास्तविक त्या प्रसंगी भगवंतांनी वृद्ध उपासकाला दोष दिला नाही, आणि त्या वचनाचा अर्थ सारिपुत्तांनी त्याला पुढे बसवून विस्ताराने समजावून दिला.

जळगाव-भुसावळ रस्त्यावरील नशिराबादसारख्या गावात मधुमेहाने पायाची बोटे गमावलेला, अर्धांगवायूने खिळलेला, क्षयाची औषधे घेणारा किंवा डायलिसिसवर असलेला माणूस बहुतेक प्रत्येक वस्तीत आढळेल. असा एखादा उपासक रविवारच्या वंदनेस येईनासा होतो, भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, गोळ्या चुकवितो. घरचे म्हणतात, एवढे दुखणे आहे, उदास होणारच. आमच्या मते सर्वाधिक हानी याच वाक्याने होते. दुःख होणे स्वाभाविक आहे. पण नैराश्य हा वेगळा आजार असून त्यावर उपचार आहेत. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने २००९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दीर्घ शारीरिक आजार असणाऱ्यांत नैराश्याचे प्रमाण निरोगी माणसांच्या दोन ते तीन पट असते.

ओळखण्यात एक अडचण आहे. थकवा, झोप न येणे, भूक मरणे, वजन उतरणे ही नैराश्याची लक्षणे मूळ आजारातही असतात. म्हणून मनाकडे पाहावे लागते. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक वेळ मन खिन्न होते काय? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नाही काय? हे दोन प्रश्न कोणीही विचारू शकतो. नातवंड जवळ आले तरी चेहरा खुलत नाही, मी सर्वांना भार झालो असे पुन्हा पुन्हा बोलले जाते, करमत नाही हे पालुपद सुरू राहते, तेव्हा ते नुसते आजारपण समजू नये. मरणाचे विचार येतात काय, हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत खरी नाही. उत्तर होकारार्थी आल्यास रुग्णाला एकटे सोडू नये व त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

खचण्याची लाज वाटण्याचे कारण नाही. मधुमेह व पायांच्या वेदनांनी जर्जर झालेल्या बाबासाहेबांच्या डोळ्यांत १९५६ साली आलेले अश्रू नानकचंद रत्तू यांनी नोंदवून ठेवले आहेत. त्यास आम्ही रोगाचे नाव देत नाही; अश्रू म्हणजे दुर्बलता नव्हे, एवढेच दाखवावयाचे आहे.

उपचारांविषयी. थायरॉईडची कमतरता व रक्तक्षय यांमुळेही असेच दिसते. स्टिरॉइड किंवा क्षयावरील सायक्लोसेरीन यांसारख्या औषधांनीही मन बिघडू शकते. म्हणून तपासणी प्रथम. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण दिसण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही किमान सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. मध्येच सोडणारेच फार. त्यांपैकी काही गोळ्या ॲस्पिरिनसोबत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. तेव्हा चालू असलेले प्रत्येक औषध डॉक्टरांस दाखविणे आवश्यक आहे.

मात्र उपचार म्हणजे केवळ गोळ्या नव्हेत. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना पुन्हा लहानसहान कामांकडे वळविले. तीन महिन्यांनी त्यांपैकी ६४ टक्के नैराश्यमुक्त झाले होते; नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. नकुलमातेने जे अंतःप्रेरणेने केले, त्याच्याशी याचे नाते आम्हांस दिसते. विहारातील दोघांनी ठरावीक वारी रुग्णाकडे जाणे, त्याला उंबऱ्यापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत चालविणे, पुस्तकांची नोंद ठेवण्यासारखे बसून करता येणारे काम त्याच्याकडे सोपविणे, हे आपल्या आवाक्यातील आहे. घर कसे चालेल या चिंतेवर तर प्रवचनापेक्षा शासकीय निराधार योजनेचा अर्ज भरून देणे अधिक उपयोगी पडते.

१४४१६ या टेली-मानसच्या विनामूल्य क्रमांकावर (२०२२ पासून) मराठीतही बोलता येते. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे जाताना रुग्णासोबत घरचे एक माणूस असावे, आणि पिशवीत सर्व औषधांच्या चिठ्ठ्या असाव्यात.