आहारविकार आणि लेकराचा ताबा

घरातील सून जेवण टाळते, उपवासामागून उपवास धरते, अथवा भरपेट खाऊन लपून ओकते, तेव्हा आपण त्यास ‘नखरे’ म्हणतो. तो अ‍ॅनोरेक्सिया वा बुलिमिया, म्हणजे मनाचा आजार असू शकतो. पातुरात काही जणी तो डॉक्टरांपासूनही लपवितात. धास्ती एकच: प्रकरण अकोल्याच्या न्यायालयात गेले, तर दवाखान्याचा कागद दाखवून लेकरू हिरावतील.

वाचकहो, कायदा इतका आंधळा नाही. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटास आजाराचे नाव पुरत नाही, त्याची तीव्रता सिद्ध करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केले. ताब्यात मुलाचे हित सर्वोपरी; १९५६ च्या पालकत्व कायद्यानुसार ५ वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहते. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तर सांगतो, की केवळ निदानावरून कोणी वेडे ठरत नाही.

मात्र वारंवार ओकण्याने रक्तातील पोटॅशियम घटते, हृदयाचे ठोके बिघडतात. अशी आई भोवळ येऊन पडली, तर लेकराकडे कोण पाहील? न्यायालयासही हाच प्रश्न पडेल. म्हणून उपचार घ्या आणि त्यांचे कागद जपून ठेवा. घेतलेल्या उपचारांपेक्षा टाळलेले उपचारच आईला अधिक जड जातात.